संस्थावास आणि स्वेच्छा : 'तिला' या रूपापुढील क्रियापदाचा विचार

१

पनवेल शहराला लागून असलेले करंजाडे हे गाव गेल्या काही दशकांत सिडकोच्या नियोजित वसाहतीचा भाग झाले. एकीकडे जुने गावठाण आणि दुसरीकडे क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर अशी त्याची आजची रचना आहे. ओटी, अंगण आणि ओळखीची आळी असलेल्या वस्तीत बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीवर दहा घरांची नजर असे. ती व्यक्ती घराच्या दारापासून देवळापर्यंत एकटी जाऊन परत येऊ शके. या जुन्या सोयीचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्याच अंगणात टिंगलही होती आणि प्रसंगी दोरीने बांधून ठेवणेही होते. तथापि दोन खोल्यांच्या सदनिकेत, लिफ्टने चढाव्या लागणाऱ्या मजल्यावर, नवराबायको दोघेही कामाला जाणाऱ्या कुटुंबात ती सोयही उरत नाही. वृद्ध होत चाललेल्या आईवडिलांपुढे अशा घरात एकच प्रश्न उभा राहतो : 'आमच्या पश्चात हिचे काय?'

या प्रश्नाला समाजाने दिलेले प्रमुख उत्तर म्हणजे निवासी संस्था होय. ते उत्तर बरोबर की चूक, याचा सरसकट निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते उत्तर कोणत्या भाषेत दिले जाते, आणि जिच्याविषयी ते दिले जाते तिला त्या भाषेत कोणते स्थान मिळते, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या क्षेत्रात पाऊल का ठेवावे, अशी शंका घेतली जाईल. हा वैद्यक, मानसशास्त्र, समाजकार्य आणि कायदा यांचा प्रांत आहे, हे खरेच. परंतु या चारही शास्त्रांचे व्यवहार शेवटी वाक्यांतून चालतात. प्रवेशाचा अर्ज, दिनक्रमाचा तक्ता, वार्षिक अहवाल, तपासणीचा शेरा आणि संमतिपत्र ही सारी वाक्येच होत. वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण, याचा निर्णय व्याकरणाला करावा लागतो. म्हणून स्वायत्ततेची व्याख्या करण्याआधी मराठी वाक्यात स्वायत्त व्यक्ती कशी ओळखावी, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

२

महाराष्ट्रातील या संस्थांचा इतिहास फार जुना नाही. १९२७ साली स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्द येथे बुद्धिमांद्य असलेल्या मुलांसाठी निवासगृह सुरू केले. १९४४ मध्ये मुंबईत जय वकील शाळेचा आरंभ झाला, तो एका दांपत्याने आपल्या मुलीच्या गरजेतून केला. पुण्यात १९६४ साली 'कामायनी' सुरू झाली. या आरंभीच्या संस्थांतच दोन भिन्न उगम दिसतात. निराधार मुलांची व्यवस्था लावणे हे सरकारचे आणि समाजाचे काम, हा एक. आपल्या मुलाला शिकता आले पाहिजे, ही आईबापांची तळमळ, हा दुसरा. पहिल्यातून ताब्याची भाषा आली, दुसऱ्यातून मायेची. पुढे या दोन्ही भाषा एकमेकींत मिसळल्या, आणि आजच्या संस्थांच्या लेखनात त्या वेगळ्या करणे कठीण झाले आहे.

या काळात व्यक्तीला लावण्याची नामे मात्र वारंवार बदलली. १९१२ च्या कायद्याने वेड आणि जन्मजात बुद्धिमांद्य एकाच व्याख्येत बसवले होते. पुढे मराठीत 'मतिमंद' हा शब्द रूढ झाला. मंद आहे मती ज्याची तो, असा हा बहुव्रीहि समास आहे. म्हणजे एका उणिवेवरून सबंध माणसाला दिलेले ते नाव आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'बौद्धिक अक्षमता' ही संज्ञा आणली. 'बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती' या रचनेत व्यक्ती हे मुख्य पद होते आणि अक्षमता तिचा एक विशेष ठरते, ही सुधारणा लहान नव्हे. डिसेंबर २०१५ नंतर 'दिव्यांग' हा शब्द सरकारी व्यवहारात पसरला, आणि ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण या नावाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. ज्यांच्या अंगात काहीही व्यंग नाही, अशा माणसांनाही या शब्दाने अंगावरूनच ओळखले जाते, ही विसंगती कोणाच्या फारशी ध्यानात आलेली दिसत नाही.

नामांतराने काहीच साधत नाही, असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात 'वेडसर' या अर्थाचा जो शब्द होता, तो २००२ मध्ये काढून त्या जागी 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असा शब्द घालण्यात आला, आणि त्याच्या व्याख्येतून बुद्धिमांद्य स्पष्टपणे वगळण्यात आले. २००९ साली चंडीगड येथील सरकारी संस्थेत राहणाऱ्या एका तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. संस्थेत असतानाच तिच्यावर अत्याचार होऊन ती गर्भवती राहिली होती. तिला मूल हवे होते. प्रशासनाचे म्हणणे, गर्भपात करावा. न्यायालयाने प्रशासनाची विनंती मान्य केली नाही. मानसिक आजार आणि बुद्धिमांद्य यांत कायद्यानेच भेद केला आहे, म्हणून या सज्ञान स्त्रीच्या संमतीखेरीज गर्भपात करता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. सात वर्षांपूर्वी बदललेल्या एका शब्दामुळे एका स्त्रीचे म्हणणे न्यायालयात टिकले. शब्दांचे भेद ही केवळ कोशकारांची करमणूक आहे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण पाहावे.

परंतु नाम बदलले तरी वाक्य बदलतेच असे नाही. संस्थांच्या दैनंदिन भाषेत 'मतिमंद' जाऊन 'दिव्यांग' आला, पण त्याच्यापुढचे क्रियापद जागचे हलले नाही. समीक्षेचा खरा विषय ते क्रियापद आहे.

३

निवासी संस्थेच्या माहितीपत्रकात दिनक्रम कसा लिहिला जातो, त्याचा एक रचलेला नमुना घेऊ : 'सकाळी सहा वाजता मुलांना उठवले जाते. प्रातर्विधी उरकून घेतले जातात. प्रार्थना म्हणवून घेतली जाते. नाश्ता दिला जातो. सायंकाळी बागेत फिरवले जाते. रात्री नऊ वाजता झोपवले जाते.' अशी वाक्ये वाचून कोणालाही वावगे वाटत नाही. उलट संस्था शिस्तीची आहे असेच वाटते.

या वाक्यांचे पृथक्करण केले असता दोन गोष्टी आढळतात. उठणे, झोपणे, फिरणे ही मुळात अकर्मक क्रियापदे आहेत. उठणारा हाच त्यांचा कर्ता असतो. त्यांना 'व' हा प्रयोजक प्रत्यय लागून उठवणे, झोपवणे, फिरवणे अशी रूपे झाली की मूळचा कर्ता 'ला' प्रत्यय घेऊन कर्माच्या जागी जातो. ही पहिली गोष्ट. मग त्या प्रयोजक रूपाला 'जाणे' लावून कर्मणी रचना केली जाते, तेव्हा उठवणाराही वाक्यातून नाहीसा होतो. ही दुसरी. परिणामी वाक्यात ना उठणारी व्यक्ती कर्ती राहते, ना तिला उठवणारी सेविका. उरते ते केवळ सहा वाजणे. अपुऱ्या पगारावर बारा तास राबणाऱ्या सेविकेवरही हे व्याकरण अन्याय करते, हे येथे नोंदवले पाहिजे.

आता मराठीची एक वेगळी लकब पाहावी. इच्छा, आवड, भूक, दुःख यांविषयी बोलताना मराठी माणूस अनुभव घेणाऱ्या व्यक्तीला 'ला' प्रत्यय लावतो : तिला चहा हवा आहे, तिला आंबा आवडतो, तिला राग आला, तिला जायचे आहे. येथे क्रियापद चहाशी वा आंब्याशी जुळते, तिच्याशी नाही. तरीही इच्छा तिची आहे याविषयी कोणाला संदेह नसतो. अशा 'ला'-युक्त पदाला कर्ता म्हणावे की नाही, हा व्याकरणाचा जुना वाद आहे आणि तो येथे सोडवण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याची गोष्ट एवढीच की, 'तिला उठवले' यातील 'तिला' आणि 'तिला उठायचे आहे' यातील 'तिला' ही रूपाने एकच आहेत. एका वाक्यात ती वस्तूप्रमाणे हलवली जाते, दुसऱ्यात ती इच्छा करते. भेद करतो तो पुढचा शब्द.

या दृष्टीने चार वाक्ये एका ओळीत मांडता येतात : तिला नेले, तिला जाऊ दिले, तिला जायचे होते, ती गेली. पहिल्यात ती निव्वळ कर्म आहे. दुसऱ्यात तिची इच्छा गृहीत धरलेली आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे. तिसऱ्यात इच्छा तिच्या नावावर आहे, कृती मात्र झालेली नाही. चौथ्यात ती कर्ती आहे. एखाद्या संस्थेत वा घरात व्यक्तीला किती स्वातंत्र्य आहे हे जोखण्यासाठी इमारतीचे चौरस फूट मोजण्याऐवजी, तिच्याविषयी बोलली जाणारी वाक्ये या चार पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहेत हे पाहावे. बहुतेक लेखन पहिल्या पायरीवर थांबते. चांगल्या संस्था दुसरीवर येतात. तिसरी आणि चौथी क्वचितच गाठली जाते.

तिसऱ्या पायरीवर एक फसवी जागाही आहे. 'तिला जायचे आहे' या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात : तिची जाण्याची इच्छा आहे, आणि तिने जाणे ठरले आहे. 'उद्या तिला दवाखान्यात जायचे आहे' यात इच्छेचा लवलेशही नाही. 'तुला आता झोपायचे आहे, हो ना?' असे जेव्हा रात्री नऊ वाजता म्हटले जाते, तेव्हा कर्तव्याचे वाक्य इच्छेच्या वेषात येते, आणि बोलणाऱ्यालाही ते जाणवत नाही. 'चला, आपण आंघोळ करू या' या वाक्यातील 'आपण' असेच आहे. आंघोळ एकीची, पण सर्वनाम दोघींचे. हाच 'आपण' अन्यत्र परक्या प्रौढ माणसाला आदराने संबोधण्यासाठी वापरला जातो. चाळीस वर्षांच्या निवासी स्त्रीच्या वाट्याला मात्र तो आदरार्थी 'आपण' कधी येत नाही.

संबोधनाचा प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा नाही. संस्थेत चाळिशीचा पुरुषही 'मुलगा' असतो आणि पाटीवर 'बालगृह' असते. 'मानसिक वय' ही बुद्धिमापनातील एक उपमा आहे. परीक्षेतील गुणांची तुलना करण्यापुरता तिचा उपयोग. परंतु व्यवहारात ती शब्दशः घेतली जाते, आणि तीस वर्षांचे दुःख, मैत्री, लाज आणि सवयी असलेली बाई आठ वर्षांची ठरते. १९९१ साली आलेल्या 'चौकट राजा' या चित्रपटाने या माणसांना मराठी मध्यमवर्गाच्या दृष्टिपथात आणले, हे त्याचे मोठे श्रेय आहे. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला नंदू आजही स्मरणात आहे. परंतु कथेचा भार बालपणीच्या अपघातावर आणि त्यातून उरलेल्या अपराधभावनेवर आहे, आणि ती अपराधभावना इतरांची आहे. प्रौढ नंदूला काय हवे, हा प्रश्न इतरांच्या भावनांतून गाळूनच प्रेक्षकापर्यंत पोहोचतो. चौकटीतला राजा, हे शीर्षक त्या अर्थाने चित्रपटाच्या दृष्टीलाही लागू पडते.

४

या व्याकरणाचे परिणाम केवळ कागदावर राहिलेले नाहीत. फेब्रुवारी १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूर येथील सरकारी संस्थेतील मतिमंद स्त्रियांवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीच्या काळात त्यांना स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठवल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. त्या प्रसंगाची चर्चा वैद्यकीय नीतीच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. भाषेच्या अंगाने पाहता असे दिसते की, 'तिची पाळी' हा ज्या वाक्याचा विषय व्हायचा, ते वाक्य 'कर्मचाऱ्यांची अडचण' या विषयावर बोलत होते. अडचण खरी होती, मनुष्यबळ अपुरे होते. पण अडचण एकाची आणि अवयव दुसऱ्याचा, अशी ती विभागणी होती.

पुढे २०१० मध्ये ठाणे जिल्ह्यातील कवडास येथील मतिमंद बालगृहातील मुलांच्या हालअपेष्टांच्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतले आणि राज्यभरच्या अशा संस्थांची पाहणी करण्याची व्यवस्था केली. त्याच सुमारास, २०११ मध्ये, करंजाड्याच्या शेजारच्या पनवेल परिसरातील एका खाजगी संस्थेत मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि खटला उभा राहिला. अशा घटना नराधमांमुळे घडतात, हे मान्य करूनही एक प्रश्न उरतो : त्या इतके दिवस झाकून कशा राहतात?

त्याचे एक उत्तर 'नको' या शब्दात सापडते. मराठीत 'नको' दोन प्रकारे येतो. 'मला नको' हा नकार. 'जाऊ नकोस' हा निषेध. बंदिस्त संस्थेत निषेधाचा 'नको' दिवसभर ऐकू येतो आणि तो वरून खाली जातो. नकाराचा 'नको' खालून वर जातो, पण त्याला नोंदवहीत रकाना नसतो. ताट ढकलणे, दात घट्ट मिटणे, विशिष्ट माणूस दिसताच अंग चोरणे, कपडे बदलताना ओरडणे, हे सारे नकाराचेच उच्चार आहेत. नोंदवहीत ते 'हट्टीपणा' किंवा 'वर्तनसमस्या' या नावाने उतरतात आणि त्यांवर उपाय शोधला जातो. ज्या व्यवस्थेत कढीभाताला म्हटलेला 'नको' ऐकून घेण्याची सवय नाही, तिला अत्याचाराला म्हटलेला 'नको' ओळखू येण्याची शक्यता फार थोडी. किरकोळ निवडीचे स्वातंत्र्य ही चैन नसून संरक्षणाची पहिली पायरी आहे, असे म्हणावे लागते ते याकरिता.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो आणि त्याला बगल देणे उचित होणार नाही. ज्यांना रस्ता ओलांडता येत नाही, ज्यांना विस्तवाचे भय कळत नाही, त्यांच्या बाबतीत 'ती गेली' हे वाक्य अपघाताची वर्दी ठरेल. ज्या आईने पस्तीस वर्षे घास भरवला, तिला प्रयोजक क्रियापदाचा दोष दाखवणे हे अभ्यासिकेतील क्रौर्य होईल. बदलापूरजवळ पालकांनीच एकत्र येऊन 'आधार' ही संस्था प्रौढ मुलांसाठी उभारली. तिच्या मुळाशी सत्तेची हाव नव्हती, मृत्यूनंतरची काळजी होती. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस टाकलेल्या मुलांना आपले आडनाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. अठरा वर्षे पूर्ण होताच अशा मुलांना संस्थेबाहेर काढू नये, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. नियमाच्या लेखी अठराव्या वाढदिवशी जो माणूस प्रौढ होतो, त्याला राहण्यासाठी प्रौढाचे घर मात्र कोठेच नसते. अशा नियमापेक्षा बाबांचे 'माझी मुले' हे शब्द कितीतरी अधिक माणुसकीचे आहेत, हे निःसंकोच मान्य केले पाहिजे.

परंतु या आक्षेपाने सिद्ध होते ते एवढेच की, आधाराची गरज खरी आहे. आधार दिला म्हणजे इच्छा काढून घेतली पाहिजे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. बेंक्त निरिये या स्वीडिश विचारवंताने १९६९ मध्ये मांडलेल्या तत्त्वाचा गाभा हाच होता : दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची जी लय इतरांच्या आयुष्याला असते, ती या माणसांनाही मिळावी, आणि त्यांच्या निवडीचा मान राखला जावा. अमेरिकेत रॉबर्ट पेर्स्के याने १९७२ साली धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते, हे दाखवून दिले. स्वीडनने तर १९९७ च्या कायद्याने मोठ्या निवासी संस्था १९९९ अखेर बंद करण्याचे ठरवले. तेथील पैसा आणि मनुष्यबळ येथे नाही, म्हणून त्यांची नक्कल करता येणार नाही. मात्र ज्याला आधार लागतो त्याला मत नसते, हे गृहीतक तेथे मोडले गेले, आणि ते मोडण्यास खर्च येत नाही.

भारतीय कायद्यानेही ही वाट धरली आहे. अपंगांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ मध्ये स्वीकारला. कोठे व कोणासोबत राहावे हे निवडण्याचा हक्क त्याच्या एकोणिसाव्या कलमात आहे. २०१६ च्या कायद्याचे पाचवे कलम समाजात राहण्याचा हक्क देते. कोणत्याही एका ठरावीक निवासव्यवस्थेत राहण्याची सक्ती होऊ नये, यासाठी सरकारने प्रयत्न करावा असे सांगते. चौदाव्या कलमातील मर्यादित पालकत्व हे विशिष्ट निर्णयापुरते व विशिष्ट काळापुरते असते, आणि ते त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालावे अशी त्याची अट आहे. वरील चार वाक्यांच्या भाषेत बोलायचे, तर 'तिला नेले' या वाक्यापासून 'तिला जायचे होते' या वाक्यापर्यंत कायदा येऊन पोहोचला आहे. दुसरीकडे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील पालकत्व व्यक्ती आणि मालमत्ता या दोहोंना व्यापणारे आहे आणि तेही अस्तित्वात आहे. दोन कायद्यांची दोन व्याकरणे एकाच वेळी चालू आहेत, आणि बहुतेक कुटुंबांच्या हाती दुसऱ्याचाच अर्ज पडतो.

६

एर्व्हिंग गॉफमन याने १९६१ मध्ये जिला सर्वंकष संस्था म्हटले, तिचे लक्षण असे की झोप, काम आणि करमणूक ही तीनही एकाच छपराखाली, एकाच सत्तेखाली आणि एकाच वेळापत्रकाने चालतात. हे लक्षण नीट पाहिले, तर छप्पर किती मोठे असावे याचे बंधन त्यात नाही. करंजाड्यातील दोन खोल्यांची सदनिकाही या व्याख्येत बसू शकते, आणि चाळीस खाटांची एखादी संस्था तिच्याबाहेर राहू शकते. संस्था विरुद्ध घर असा वाद घालण्यात आतापर्यंत बरीच शक्ती खर्च झाली. खरा भेद दोन प्रकारच्या वाक्यांतला आहे, आणि तो दोन्हीकडे आढळतो.

म्हणून संस्थांच्या मूल्यमापनात काही साध्या गोष्टींचा समावेश व्हावा. प्रत्येक व्यक्तीच्या नोंदवहीत तिला काय आवडते, काय नको असते आणि ते ती कसे सांगते, याची नोंद असावी. बोलता न येणाऱ्या व्यक्तीचे हावभाव जाणणारी सेविका ही तिची दुभाषी आहे हे ओळखून, तपासणीच्या वेळी तिची साक्ष घेतली जावी. वार्षिक अहवालात निदान काही वाक्ये अशी असावीत, ज्यांचा कर्ता निवासी व्यक्ती असेल. मराठीच्या विभागांनाही येथे काम आहे. बोलींचे नमुने गोळा करण्याची परंपरा असलेल्या विद्याशाखेने या माणसांची वाक्ये, त्यांचे तुटक शब्द, त्यांच्या खुणा आजवर संग्रहित केल्या नाहीत, ही उणीव अभ्यासविषयाची नाही, अभ्यासकांची आहे.

'आमच्या पश्चात हिचे काय?' या प्रश्नातील 'हिचे' हे रूप षष्ठीचे आहे. त्यात ती कोणाच्या तरी सांभाळात असलेली ठेव आहे. आईबापांच्या तोंडी तो प्रश्न तसाच येणार, आणि त्यातील काळजीला उत्तर देण्याची जबाबदारी समाजाची आहे. पण ते उत्तर देण्यापूर्वी, आईबाप हयात असतानाच, आणखी एक प्रश्न थेट तिला विचारला जावयास हवा : 'तुला काय हवे?' त्याचे उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित ते शब्दांत येणारही नाही. तेवढा वेळ थांबण्याची तयारी ज्या घरात वा संस्थेत असेल, तेथे 'तिला' या रूपापुढे निराळे क्रियापद येऊ शकेल.